‘जस्ट अ जिगोलो’ : टँगोतला घोडेस्वार गाण्यातून कुठे गेला?

मारवा_आणि_मी

लेकीच्या कॉलेजच्या गॅदरिंगपायी गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच गाणं चालू आहे: लुई प्रीमाचं ‘जस्ट अ जिगोलो’. सॅक्सोफोन, मागून ओरडणारे साथीदार आणि भांडी विसळतानाही पाय हलावा असा ठेका. हे गाणं लास वेगासमध्येच जन्माला आलं असणार, असं मी धरून चालले होते.

मग एका रात्री शोधता शोधता १९२९ सालचं ध्वनिमुद्रण हाती लागलं. बर्लिनच्या दायोश बेला यांचा वाद्यवृंद, गायक कुर्ट म्यूलहार्ट. चाल तीच, पण टँगो. व्हायोलिनं ओढून ओढून वाजतात आणि गायक अगदी सभ्यपणे, जवळजवळ माफी मागत गातो. शब्द जर्मन. गाण्याचं नाव ‘श्योनर जिगोलो, आर्मर जिगोलो’, म्हणजे ‘देखण्या जिगोलो, बिचाऱ्या जिगोलो’ (जिगोलो म्हणजे इथे पैसे घेऊन बायकांबरोबर नाचणारा). संगीत लिओनेल्लो कासुच्ची या इटालियन माणसाचं, शब्द यूलियुस ब्रामर यांचे, आणि १९२९ साली ते व्हिएन्नात छापून आलं.

त्या मुखड्याचा अर्थ कळला आणि मी कानातले हेडफोन काढून बसून राहिले. गाणं सांगतं: आठवू नकोस ते दिवस, जेव्हा तू हुसार, म्हणजे घोडदळातला स्वार होतास, सोनेरी गोंडे लावलेल्या गणवेशात रस्त्यांवरून घोडा नेत होतास. गणवेश गेला, प्रिया ‘येते’ म्हणून गेली, ते सुंदर जग चिंध्या होऊन गेलं. काळीज फुटलं तरी चेहरा हसरा ठेव. लोक पैसे मोजतात, तुला नाचलंच पाहिजे.

हा पहिल्या महायुद्धानंतरचा व्हिएन्ना आहे. १९१८ ला ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं. १९१९ ला ऑस्ट्रियाने सरदारक्या कायद्याने मोडीत काढल्या, आणि तहाने नव्या देशाच्या फौजेवर ३०,००० माणसांची मर्यादा घातली. त्या फौजेत न मावलेला एक स्वार हॉटेलात बायकांबरोबर भाड्याने नाचतोय, त्याचं हे गाणं.

इंग्रजी शब्द आयर्विंग सीझर यांनी १९२९ सालीच लिहिले. त्यात व्हिएन्ना नाही, हुसार नाही, घोडा नाही. एक पोरगेला नाच्या उरतो, जो म्हणतो की माझं तारुण्य सरेल आणि माझ्यावाचून जग चालू राहील. माझं मत सरळ आहे: भाषांतरात या गाण्याचा कणा काढून घेतला. तुम्हाला काय वाटतं? चाल वाचली म्हणजे गाणं वाचलं का?

घाटमाथा

छान विषय. धागा निवडक दहात टाकला.

ठाण्याचा_ठेका

मी उलट बाजूने बोलतो. हुसार काढला म्हणूनच गाणं जगलं. शिकागोतल्या किंवा दादरच्या माणसाला हुसार म्हणजे काय ते कुठे माहीत? ‘माझं तारुण्य सरेल’ हे मात्र सगळ्यांना कळतं.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचा पहिला चरण छापलेला असतो. किर्लोस्करांनी कानडी चाली घेतल्या, गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमाना’साठी ठुमऱ्या-दादऱ्यांकडून घेतल्या. मूळ गाण्यातली नायिका कोणासाठी झुरत होती, हे कोणी विचारलं नाही. पद मराठीत उभं राहिलं की झालं.

मारवा_आणि_मी

@ठाण्याचा_ठेका, नाटकाच्या पदाला नाटकाचा आधार असतो हो. मूळ ठुमरीतली नायिका गेली तरी तिच्या जागी भामिनी येते. इथे हुसार गेला आणि त्या जागी कोणीच आलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

डॅन्यूबकाठी

मी व्हिएन्नात राहते, १४ वर्षं झाली. दोन गोष्टी सांगते.

पहिली, शब्दाची. जर्मनभाषक या नाचणाऱ्याला ‘आइनटेन्झर’ म्हणत. मोठ्या हॉटेलांत दुपारी पाचच्या चहाला नाच असायचा. युद्धात पुरुष इतके मेले होते की एकट्या आलेल्या बायकांना जोडीदार मिळेना, म्हणून हॉटेलं माणसं ठेवायची. उत्तम कपडे, उत्तम रीतभात, आणि पायात नाच. बेकार झालेल्या अधिकाऱ्याकडे या तीन गोष्टी असायच्याच, कारण मुळात त्याला त्याच शिकवलेल्या. विकण्यासारखं तेवढंच शिल्लक होतं. ‘जिगोलो’ हा फ्रेंच शब्द, ‘जिगोलेत’ म्हणजे नाचघरातली बाई, त्याचं पुल्लिंगी रूप. आज त्याला जो वास येतो तो या गाण्यात पूर्ण नाही. गाण्यातला माणूस नाचण्याचे पैसे घेतो.

दुसरी, पैशाची. इथे १९२२ साली महागाई अशी भडकली होती की पुढे १९२५ ला शिलिंग आला तेव्हा १०,००० क्रोनेंना एक शिलिंग दिला. ज्या घरांनी युद्धकर्जात पैसे गुंतवले होते ती घरं कागदावर श्रीमंत आणि ताटात उपाशी. म्हणून ‘लोक पैसे मोजतात’ हा शेवटचा चरण इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकला की वेगळाच लागतो. माझ्या घरमालकीणबाई, वय ८९, तो म्हणताना बोटांनी टेबलावर नाणी मोजल्यासारखं करतात. त्यांच्या आईची ती सवय होती म्हणे.

आजही इथल्या बॉलना, म्हणजे नाचाच्या समारंभांना, पैसे घेऊन नाचणारे जोडीदार मिळतात, ‘टॅक्सीटेन्झर’ म्हणतात. मी एकदा गेले होते. मुलगा मेकॅनिकल इंजिनीयरिंग शिकत होता, वॉल्ट्झ सुरेख नाचला, आणि बाराच्या ठोक्याला वाकून नमस्कार करून गेला.

साष्टीचा_ट्रंपेट

आमच्या आजोबांनी हे गाणं वाजवलंय.

आजोबा मडगावचे. चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि सोलफेज (नोटेशन वाचून सूर गाणं) शिकले, १९३८ मध्ये मुंबईला आले. त्या काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांच्या नाचघरांत गोंयकार वादकच भरलेले असत, कारण कागदावरचं नोटेशन बघून लगेच वाजवणारी माणसं म्हणजे आम्हीच. ताजमध्ये टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकन वादक यायचे, त्यांच्याकडून आमची माणसं जॅझ शिकली. पुढे त्यांच्यातलेच कितीतरी सिनेमाच्या स्टुडिओत गेले. चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ, त्यांना तर भारताचे लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे, आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्यांचा ट्रंपेट वाजतो.

आजोबांची नोटेशनची वही माझ्याकडे आहे. त्यात हे गाणं दोनदा आहे. एका पानावर वर ‘टँगो’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘फॉक्सट्रॉट’. मी लहानपणी विचारलं होतं की एकच गाणं दोनदा कशाला? ते म्हणाले, ‘साडेनवाक जोडपीं येतात तेन्ना टँगो. अकरांक सोरो चडटा तेन्ना फॉक्सट्रॉट.’ (सोरो म्हणजे दारू.) म्हणजे हुसार गेला की राहिला हे घड्याळ ठरवत होतं.

घाटमाथा

@साष्टीचा_ट्रंपेट, त्या वहीवर स्वतंत्र धागा काढा. हात जोडून विनंती.

म्हैसमाळ

ज्यांना इतिहास सलग हवा आहे त्यांच्यासाठी अमेरिकेतला प्रवास थोडक्यात. इंग्रजी हक्क चॅपेल कंपनीने घेतले आणि शब्द सीझर यांच्याकडून करवून घेतले. हा साधा माणूस नव्हे: ‘टी फॉर टू’ आणि गर्श्विनचं ‘स्वानी’ यांचे शब्द त्यांचेच, आणि १०१ वर्षं जगले. १९३१ मध्ये टेड ल्यूइस यांच्या वाद्यवृंदाने ते घराघरांत नेलं, त्याच वर्षी बिंग क्रॉसबीने गायलं, आर्मस्ट्राँगनेही त्याच सुमारास. १९३२ मध्ये फ्लायशर स्टुडिओने त्यावर बेटी बूपचं कार्टून काढलं. पडद्यावर शब्द, वर उड्या मारणारा चेंडू, आणि प्रेक्षकांनी थिएटरात बरोबर गायचं.

मग लुई प्रीमा. न्यू ऑर्लिन्सच्या सिसिलियन कुटुंबातला, जन्म १९१०. १९५४ पासून लास वेगासच्या सहारा हॉटेलच्या लाउंजमध्ये पहाटेपर्यंत कार्यक्रम, सोबत कीली स्मिथ आणि सॅक्सोफोनवर सॅम ब्युटेरा. १९५६ च्या ‘द वाइल्डेस्ट’ या तबकडीत त्यांनी याला १९१५ च्या ‘आय एन्ट गॉट नोबडी’ या गाण्याची जोड दिली. ते गाणं स्पेन्सर विल्यम्स आणि रॉजर ग्रॅहम यांचं, याच्याशी कसलाही संबंध नसलेलं. पण सांधा इतका बेमालूम की आज निम्म्या जगाला ही दोन्ही मिळून एकच गाणं वाटतं. १९७८ ला व्हिलेज पीपलने तीच जोडी घेतली, १९८५ ला डेव्हिड ली रॉथनेही, आणि रॉथचं अमेरिकेत बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याची मांडणी प्रीमा-ब्युटेरांच्या पावलावर पाऊल टाकून जाते.

एक गंमत बघा. चाल इटालियन माणसाने केली, आणि २७ वर्षांनी तिला सगळ्यात मोठं यश दिलं ते इटालियन वंशाच्याच माणसाने.

कोल्हापुरी_साज

म्हंजे आमच्या पोरांच्या जिममध्ये जे वाजतं ते दोन गाणी हायत? मी आजवर एकच समजून उड्या मारत हुतो.

ठाण्याचा_ठेका

@कोल्हापुरी_साज, मारत राहा. ते गाणं उड्यांसाठीच केलंय. प्रीमाने दुःख झाकलं असं मला वाटत नाही, त्याने ते अंगात भिनवून नाचवलं. मला कोणी नाही, कोणालाच माझी पर्वा नाही, असं तो ओरडून सांगतो आणि समोरचे लोक टाळ्या वाजवतात. मूळ गाण्यातल्या हसऱ्या चेहऱ्याची अट त्याने जितकी पाळली तितकी कोणीच पाळली नसेल.

मारवा_आणि_मी

हे मी मान्य करते. हा विचार मला सुचला नव्हता.

जुनी_तबकडी

सगळे प्रतिसाद वाचले. पण धागाकर्तीच्या मूळ विधानात एक मोठी चूक आहे आणि ती अजून कोणी दाखवली नाही, म्हणून लिहितो.

सीझर यांनी सैनिकाला काढलेलं नाही.

त्या काळच्या अमेरिकन गाण्याला दोन भाग असत. आधी प्रस्तावना, तिला ते ‘व्हर्स’ म्हणत: कोण बोलतंय, कुठे, कशामुळे हे सांगणारी. मग मुखडा. सीझर यांच्या प्रस्तावनेत पॅरिसचा कॅफे आहे. तिथे एक फ्रेंच माणूस आहे, युद्धात पराक्रम केलेला. युद्ध संपलं आणि शांततेने त्याच्या पदरात टाकली ती चार स्वस्त पदकं. आता तो रोज रात्री त्याच कॅफेत फिरतो आणि बायकांना म्हणतो, आवडलो असेन तर भाड्याने घ्या, मी बरे दिवस पाहिलेला माणूस आहे. यानंतर तो प्रसिद्ध मुखडा येतो. मग सांगा, त्या मुखड्यातला माणूस कोण? सैनिकच की.

व्हिएन्नाचं पॅरिस झालं, घोडा गेला, सोनेरी गोंडे गेले, हे खरं. अमेरिकन ऐकणाऱ्याला पराभूत साम्राज्याचा अधिकारी नको होता. फ्रान्स मित्रपक्ष, त्याच्या सैनिकाबद्दल कळवळा यायला सोपं. पण माणूस तोच ठेवला.

त्याला काढलं गायकांनी आणि बँडवाल्यांनी. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटं. नाचाच्या तबकडीत गायकाला मुखड्यापुरतं उभं करायचे आणि बसवायचे. प्रस्तावना पहिल्यांदा कापली जायची. क्रॉसबीच्या १९३१ च्या मुद्रणात ती आहे, नक्की ऐका. प्रीमात नाही, रॉथमध्ये नाही. एकदा कापली ती कापलीच, पुढच्या गायकाला ती होती हेही कळलं नाही.

मी ४० वर्षं तबकड्या जमवतो. गाण्याचं सर्वांत जास्त नुकसान भाषांतराने नाही, वेळेने केलेलं पाहिलंय.

मारवा_आणि_मी

क्रॉसबीचं आत्ता ऐकलं. दोनदा. माझं ‘कणा काढून घेतला’ हे वाक्य सीझर यांच्यावर अन्याय करणारं आहे, ते मागे घेते. धाग्यात खोडत नाही, म्हणजे पुढच्याला चर्चा कळेल.

डॅन्यूबकाठी

@जुनी_तबकडी, फार महत्त्वाचं लिहिलंत. आपल्याकडेही आरतीची पहिली दोन कडवी पाठ आणि पुढची फक्त गुरुजींना, हे घरोघरी दिसतंच.

अक्षरगणवृत्त

मला या गाण्याच्या बांध्याबद्दल बोलायचंय. जर्मन मुखडा मोजून बघा: श्यो-नर-जि-गो-लो, पाच. आर-मर-जि-गो-लो, पाच. पुढचा चरण आठ. परत पाच, पाच, आठ. इंग्रजीतही सीझर यांनी पाच-पाच-आठ असंच जपलंय, आणि जिगोलो हा शब्द पहिल्या पाचांत त्याच जागी ठेवलाय. दोन लहान पावलं आणि एक लांब, टँगोत जसं दोनदा अडखळून मग घसरत जावं तसं. चालही तशीच: छोटा तुकडा, तोच थोडा सरकवून पुन्हा, मग सुटून लांब. म्हणून ती एका ऐकण्यात पाठ होते.

मराठीत बसतंय का ते बघितलं. जर्मन अर्थावरून, इंग्रजीवरून नाही:

देखण्या गड्या, बापुड्या गड्या,
नको आठवू त्या वाटा;
जरीची कळा, घोडा सावळा,
चौकातून किती ताठा!

पाच-पाच-आठ जमलंय. शेवट अजून जमत नाही.

घाटमाथा

वा! ‘चौकातून किती ताठा’ फार आवडलं. पण ‘गडी’ नको. तो अधिकारी आहे, ‘सरदारा’ करा.

म्हैसमाळ

+१. किंवा ‘राउता’. स्वार म्हणजे राऊत.

आजोळ_सातारा

मी सहसा वाचनमात्र असते, पण इथे बोलावंसं वाटलं. ‘गडी’च ठेवा. आमच्या गावाकडे गडी म्हणजे दोन गोष्टी. एक, ‘काय गडी आहे!’ म्हणतो तो तालेवार, उमदा पुरुष. आणि दोन, घरी पगारावर ठेवलेला माणूस. हुसार असताना तो पहिल्या अर्थाने गडी होता, हॉटेलात दुसऱ्या अर्थाने झाला. एका शब्दात अख्खं गाणं बसलंय.

अक्षरगणवृत्त

@आजोळ_सातारा, हे लिहिताना माझ्या मनात नव्हतं. तुम्ही दाखवलंत. आता काही झालं तरी ‘गड्या’ बदलत नाही.

साष्टीचा_ट्रंपेट

वर कोणीतरी नाच्या म्हटलंय म्हणून सांगतो, तमाशातला नाच्या वेगळा. तो रंगमंचावर सोंग घेतो, कलाकार असतो, लोक त्याला बघायला येतात. आइनटेन्झरला कोणी बघायला येत नाही, त्याच्या हातात हात द्यायला येतात. त्याने दिसायचं कमी आणि आधार द्यायचा जास्त.

मारवा_आणि_मी

@साष्टीचा_ट्रंपेट, तो शब्द माझाच. दुरुस्ती मान्य.

पटकथा_प्रेमी

बिली वाइल्डर, नंतर हॉलिवूडमध्ये मोठा झालेला दिग्दर्शक, हाही बर्लिनमध्ये हे काम करायचा! १९२६ मध्ये ईडन हॉटेलात पैसे घेऊन नाचला आणि १९२७ च्या जानेवारीत त्यावर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली, शीर्षक साधारण ‘वेटर, एक नाचणारा आणा’ अशा अर्थाचं. म्हणजे कॉफी मागवावी तसा माणूस. ते गाण्याच्या दोन वर्षं आधी. आणि १९५० मध्ये त्याने ‘सनसेट बुलवार्ड’ काढला, त्यात एक कफल्लक तरुण श्रीमंत, उतरत्या वयाच्या नटीच्या हवेलीत तिच्याबरोबर टँगो नाचतो. नवीन वर्षाची पार्टी, पाहुणे कोणी नाहीत, फक्त वादक. तो प्रसंग लिहिणाऱ्याच्या पायांना तो नाच माहीत होता.

आणखी एक, १९७८ चा चित्रपट. नाव या गाण्याचंच, दिग्दर्शक डेव्हिड हेमिंग्ज, नायक डेव्हिड बोवी. कथा: प्रशियाचा तरुण अधिकारी महायुद्धातून बर्लिनला परततो, काम नाही, शेवटी जिगोलो होतो. चित्रपट पडला, खुद्द बोवीनेही नंतर त्याला नावं ठेवली. पण त्यात जर्मन नटी मार्लेन डीट्रिशचं पडद्यावरचं शेवटचं काम आहे, आणि ती हे गाणं गाते. ती पॅरिस सोडायला तयार नव्हती, म्हणून तिचे प्रसंग पॅरिसला झाले, बोवीचे बर्लिनला. समोरासमोर दिसतात तरी दोघं भेटलेच नाहीत. चित्रपट कसाही असो, त्याने गाण्याला त्याचा गणवेश परत दिला. धागाकर्तीने हे गायन जरूर ऐकावं. आवाज थकलेला आहे, आणि ज्या बर्लिनमध्ये १९२९ साली हे गाणं वाजत होतं तिथे ती तेव्हा होती.

ठाण्याचा_ठेका

शब्दांची एवढी चर्चा चालली आहे, म्हणून जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकचं वादन सुचवतो. १९६३ च्या ‘मंक्स ड्रीम’मध्ये एकट्या पियानोवर आहे. बाकी वादक हात बांधून बसलेत. शब्द नाहीत, हुसार नाही, पॅरिस नाही, आणि तरी मध्येच एक सूर असा तिरका पडतो की माणूस अडखळला असं वाटतं. मी मघाशी म्हणालो की हुसार काढला म्हणून गाणं जगलं. मंक ऐकल्यावर वाटतं की तो चालीतच होता, काढता येण्यासारखा नव्हताच.

डॅन्यूबकाठी

@मारवा_आणि_मी, तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येते. ब्रामर कोण होते ते कोणी लिहिलं नाही, आणि त्याशिवाय मला हा हुसार पुरता कळला नव्हता.

यूलियुस ब्रामर मोराव्हियात १८७७ साली जन्मलेले ज्यू लेखक. व्हिएन्नाच्या ऑपेरेटाचे, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकांचे, बिनीचे शब्दकार. आल्फ्रेड ग्र्यूनवाल्ड यांच्याबरोबर त्यांनी कालमान या संगीतकारासाठी १९२४ मध्ये ‘ग्रेफिन मारित्सा’ लिहिलं. त्यात एक कफल्लक झालेला काउंट नाव बदलून एका श्रीमंत बाईच्या जमिनीवर कारभारी म्हणून राबतो. १९२६ मध्ये ‘सर्कस प्रिन्सेस’. त्यात तर वारसा गमावलेला माजी हुसार अधिकारीच तोंडावर मुखवटा घालून सर्कशीत घोड्यावरच्या कसरती करतो. दोन्हींत शेवटी काय होतं? उतरलेल्या सरदाराला बाई मिळते, मान मिळतो, पडदा पडतो, लोक आनंदाने घरी जातात.

आणि मग हा तीन मिनिटांचा टँगो. तोच माणूस, तोच गणवेश, पण तिसरा अंक नाही. कोणी काउंटेस येत नाही. येते ती पुढची गिऱ्हाईक. ऑपेरेटात ज्याला त्यांनी दोनदा वाचवलं त्याला इथे त्यांनी वाचवलं नाही. मला वाटतं, या गाण्यात ते पहिल्यांदा खरं बोलले.

१९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि ब्रामर फ्रान्सला पळाले. १९४३ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ज्वाँ-ले-पँ इथे, परागंदा अवस्थेत वारले. ‘ते सुंदर जग चिंध्या झालं’ ही ओळ त्यांनी दुसऱ्यासाठी लिहिली होती.

जुनी_तबकडी

@डॅन्यूबकाठी, आणि दायोश बेला. नाव हंगेरियन लावलं तरी जन्म कीव्हचा, तेही ज्यू. १९३३ ला जर्मनी सोडावी लागली. शेवटी कुठे गेले असतील? ब्युएनोस आयर्स. जन्मभर बर्लिनच्या हॉटेलांत टँगो वाजवला आणि टँगोच्या गावी आसरा मिळाला. १९७८ मध्ये अर्जेंटिनातच गेले, डीट्रिशचा तो चित्रपट आला त्याच वर्षी. धागाकर्तीने पहिल्या रात्री जी तबकडी ऐकली ती यांची.

आजोळ_सातारा

वाचून डोळे भरले.

म्हैसमाळ

टँगोवरून आठवलं. १९१३ मध्ये जर्मनीच्या कैसरने फर्मान काढलं होतं की गणवेशातल्या अधिकाऱ्यांनी टँगो नाचायचा नाही. नाच असभ्य म्हणून. पंधरा वर्षांनी गणवेश उतरलेल्या अधिकाऱ्याचं गाणं टँगोतच बांधलं गेलं. ऑस्ट्रियाचा हुसार वेगळ्या बादशहाचा, पण तेव्हा ऐकणाऱ्या बर्लिनकरांना हे आठवत असणारच.

मारवा_आणि_मी

काल गॅदरिंग झालं. सांगायला आले.

तुमच्या सगळ्यांचं लेकीला वाचून दाखवलं होतं. तिने ठरवलं की आधी सीझर यांची प्रस्तावना टँगोच्या लयीत गायची, मग एक क्षण थांबून प्रीमाचा ठेका. आठवडाभर बसवलं. कीबोर्डवाल्या मुलाने तर जर्मन तबकडी ऐकून व्हायोलिनचा तुकडा काढला. आणि काल दुपारी आयोजकांनी सांगितलं, कार्यक्रम लांबलाय, प्रत्येकी चार मिनिटं. सुरुवातीचा संथ भाग गाळा.

गाळला. गाणं जोरात झालं, वन्स मोअर मिळाला. पोरगी विंगेत येऊन रडली. तिला म्हटलं, त्यालाही असंच काढलं होतं.

जुनी_तबकडी

मोबाइलवर तरी मुद्रित करून ठेवा. प्रस्तावनेसकट. माझं ऐका.

अक्षरगणवृत्त

आणि वन्स मोअर मिळालेल्या मुलीसाठी शेवट देतो, आज सकाळी सुचला:

काळजाला तडा, हसून खडा,
मोजले पैसे, नाच तू.

पहिल्या पाचाचे सहा झालेत. तिला सांगा, ‘काळजाला’ थोडं दाबून म्हण.

मारवा_आणि_मी

रात्रीच केलं मुद्रण, स्वयंपाकघरात, प्रस्तावनेसकट. ती गायली, मी पेटी धरली. कुकरची एक शिट्टी आत आली आहे, तेवढी चालवून घ्या. मराठी कडवं उद्या.